बाबांचं व्हिटॅमिन डी ११ आलं, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे – जीनवाल्या स्टडीज नेमकं काय सांगतात?

मानेवाडा_रिंगरोड

नमस्कार मंडळी, पोस्ट थोडी लांब होईल, सांभाळून घ्या. माझे बाबा ७१ वर्षांचे, वीज मंडळातून रिटायर. दिवाळीच्या आसपास लघवीचा त्रास सुरू झाला, टेस्ट केल्या तर पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची टेस्ट) ३८, बायोप्सीत ग्लीसन (गाठ किती आक्रमक याचा स्कोअर) ४+३, बोन स्कॅन क्लिअर आला हे त्यातल्या त्यात बरं. आता तीन-तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे आणि पुढे रेडिएशन आहे. डॉक्टर चांगले आहेत पण ओपीडीत इतकी गर्दी असते की आपण तिसरा प्रश्न काढला की मागचे लोक खाकरायला लागतात.

तर झालं असं की रुटीन रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ११ आलं. डॉक्टरांनी साठ हजार युनिटवालं पाउच आठवड्यातून एक असं लिहून दिलं आणि सोबत कॅल्शियम. इथपर्यंत ठीक. पण माझा मेहुणा म्हणून राहिला की कॅन्सर झालाच मुळात डी कमी असल्यामुळे, लेव्हल ८० च्या वर नेऊन ठेवा, गाठ आपोआप थांबते, त्याने दोन-चार व्हिडिओ पण पाठवले. दुसरीकडे ऑफिसमधला एक मित्र म्हणते की जेनेटिक अभ्यासांनी सिद्ध झालं आहे की व्हिटॅमिन डी आणि प्रोस्टेट कॅन्सरचा काही संबंध नाही, पाउच म्हणजे पैशाची बरबादी. आणि तिसरं म्हणजे रक्त न्यायला आलेला पोरगा सांगून गेला की "व्हिटॅमिन डी जीन पॅनल" नावाची टेस्ट करून घ्या, सात हजाराची आहे, त्यावरून बाबांचा नेमका डोस कळते म्हणे.

आता मी कोणाचं ऐकू? पाउच बंद करू का डबल करू? आणि जीनवरून व्हिटॅमिनचं कसं काय कळते बावा, हे कोणी साध्या भाषेत सांगेल का.

संत्रानगरी_७७

भाऊ आधी बाबांना धीर द्या, ग्लीसन ७ म्हणजे काही जग बुडालं नाही. बाकी नागपुरात राहून डी ११ म्हणजे कमालच आहे, इथे मे महिन्यात माणूस उन्हात भाजून निघते. सकाळी सहाला अंबाझरीला घेऊन जा, कोवळं ऊन घ्या, सगळं होते बरोबर. गोळ्या-बिळ्या कंपन्यांचा धंदा आहे.

महालची_लेक

संत्रानगरी भाऊ, सकाळी सहाच्या उन्हात डी जवळपास तयार होतच नाही. त्यासाठी यूव्हीबी किरण लागतात आणि ते सूर्य वर आल्यावर, साधारण अकरा ते तीनच्या मधात मिळतात. आणि नागपुरात एप्रिल-मेमध्ये त्या वेळेस कोण शहाणा माणूस बाहेर असते? घरात कूलरसमोर. बाहेर पडलो तरी डोक्याला दुपट्टा, हाताला सनकोट, वरून आपली सावळी कातडी जिला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ ऊन लागते. म्हणून उन्हाच्या गावात राहून ११ येणं यात काही नवल नाही. ७१ वर्षांच्या कॅन्सर पेशंटला भर दुपारी उभं करू नका एवढीच विनंती.

आता मूळ प्रश्नाकडे. मी बायोस्टॅटिस्टिक्समध्ये काम करते, माहेर महालात, सध्या पुण्याला. डॉक्टर नाही, त्यामुळे बाबांचा डोस मी सांगणार नाही, पण जीनवाला भाग माझ्या रोजच्या कामातला आहे तर तो सांगते.

मेहुणे जे बोलून राहिले ते अगदी हवेतलं नाही. १९९० मध्ये श्वार्ट्झ आणि हल्का या दोघांनी कल्पना मांडली की व्हिटॅमिन डीची कमतरता हे प्रोस्टेट कॅन्सरचं एक कारण असू शकते, कारण म्हातारपण, काळी कातडी, उत्तरेकडचे थंड प्रदेश, या सगळ्यांत डी कमी आणि हा कॅन्सर जास्त. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या काउंट्यांचा नकाशा काढला तर ऊन कमी तिथे प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू जास्त असं दिसलं. लॅबमध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सर पेशींवर डीचं ॲक्टिव्ह रूप टाकलं तर त्यांची वाढ मंदावते, हेही खरं आहे. कागदावर सगळं जुळत होतं.

मग लोकांनी माणसांचं रक्त घेऊन वर्षानुवर्षं फॉलोअप केला आणि गडबड सुरू झाली. नॉर्डिक देशांतला २००४ चा अभ्यास म्हणे डी कमी असेल तरी धोका, जास्त असेल तरी धोका. फिनलंडमधल्या पुरुषांत तर डी जास्त असणाऱ्यांनाच कॅन्सर जास्त. २०१९ मध्ये १९ अभ्यास एकत्र केले, १३ हजारांवर पेशंट आणि २० हजार निरोगी पुरुष, तर डीच्या सगळ्यात वरच्या गटात प्रोस्टेट कॅन्सर सगळ्यात खालच्या गटापेक्षा २२ टक्के जास्त निघाला! पण ती वाढ सगळी साध्या, हळू वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये, आक्रमक प्रकारात फरक नाही.

मग डी वाईट आहे का? तसं नाही हो. तुम्हीच डोळ्यांसमोर आणा, कोणाचं डी चांगलं असते? धरमपेठेतला रिटायर्ड साहेब, रोज फिरणारा, मल्टीव्हिटॅमिन घेणारा, दरवर्षी फुल बॉडी चेकअप करणारा. त्या पॅकेजमध्ये पीएसए पण असतेच. मग त्याची बारीकशी, आयुष्यभर त्रास न देणारी गाठही सापडते आणि तो "कॅन्सर झाला" या रकान्यात जाते. उलट जो माणूस आधीच आतून आजारी आहे, अंगात ताकद नाही, घरात पडून आहे, जेवण कमी, त्याचं डी खाली जाते आणि तो लवकर गेला की आपण म्हणतो डी कमी म्हणून गेला. बाबांचं ११ हे कॅन्सरच्या आधीपासून होतं का आजारपणात खाली आलं, हे तो रिपोर्ट सांगू शकत नाही.

इथे जीन कामात येतात. कातडीत ज्या कच्च्या मालापासून डी बनते तोच माल कोलेस्टेरॉलकडे वळवणारं एक एन्झाइम आहे, त्याचा जीन डीएचसीआर७. मग लिव्हरमध्ये डीवर पहिली प्रक्रिया करणारा सीवायपी२आर१. रक्तात डीला पाठीवर घेऊन फिरणारं प्रोटीन, त्याचा जीन जीसी. आणि काम झालेल्या डीची विल्हेवाट लावणारा सीवायपी२४ए१. या जीनमध्ये माणसामाणसांत एखाद्या अक्षराचा फरक असते आणि त्यामुळे कोणाचं डी जन्मभर थोडं वर, कोणाचं थोडं खाली राहते. २०१० मध्ये तीस हजारांवर युरोपियन लोकांमध्ये हे पक्कं झालं. आई-बापाकडून यातली कोणती कॉपी तुमच्या वाट्याला येईल ही शुद्ध चिठ्ठी आहे, गर्भातच काढलेली. ती चिठ्ठी तुम्ही अंबाझरीला फिरता का, पीएसए करता का, बिडी पिता का हे काहीच पाहत नाही. म्हणून ज्यांना जन्मतः जास्त डीची चिठ्ठी निघाली त्यांना प्रोस्टेट कॅन्सर कमी होते का, एवढं पाहिलं की वरचा गोंधळ बराचसा बाजूला पडते. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात.

उत्तर असं आहे. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सात प्रकारच्या कॅन्सरवर असा अभ्यास आला, प्रोस्टेटच्या जवळपास २३ हजार केसेस होत्या. जीनमुळे डी २५ नॅनोमोलने (आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये १० ची वाढ समजा) जास्त असेल तर ऑड्स रेशो (कॅन्सर होण्याच्या शक्यतेची तुलना, १ म्हणजे फरक नाही, १ च्या खाली म्हणजे कॅन्सर कमी) ०.८९, रेंज ०.७७ ते १.०२. रेंजमध्ये १ येऊन राहिला म्हणजे फायदा पक्का म्हणता येत नाही. पण बारकाईने पाहिलं तर छोटासा फायदा असूही शकतो असं तेव्हा म्हणायला जागा होती. २०१९ मध्ये ७९ हजारांवर केसेस घेऊन तेच परत केलं, तर आकडा जवळपास १ वर येऊन बसला. जागा बुजली.

कोणी म्हणेल या पद्धतीत काहीच सापडत नसेल. तर असं नाही, मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या मेंदूच्या आजारात २०१५ मध्ये याच पद्धतीने, याच जीनने स्पष्ट दिसलं की जन्मतः कमी डी असणाऱ्यांना आजार जास्त. म्हणजे चाळणी फाटकी नाही. प्रोस्टेटमध्ये काही अडकलं नाही कारण बहुतेक अडकण्यासारखं नव्हतंच.

लेट_नाईट_रेसिडेंट

ताई छान लिहिलं, पण एक मिनिट. तुम्ही जे आकडे दिले ते कॅन्सर होण्याचे. यांच्या बाबांना तर झालेला आहे. त्यांना पाहिजे पुढचं, म्हणजे पसरणार का, किती वर्षं मिळणार. ही दोन वेगळी गणितं आहेत ना? २०१२ मध्ये हार्वर्डच्या ग्रुपचा पेपर होता, हेल्थ प्रोफेशनल्सवाला (आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या पुरुषांचा), त्यात ज्यांचं डी सगळ्यात वरच्या चौथाईत त्यांना जीवघेणा प्रोस्टेट कॅन्सर ५७ टक्के कमी होता, आणि डीच्या वाटेवरच्या जीनचाही संबंध दिसला होता. मग "संबंध नाही" म्हणून मोकळं कसं व्हायचं?

(ड्युटीवर आहे, उत्तराला उशीर होईल)

महालची_लेक

बरोबर पकडलं. हाच खरा नाजूक भाग आहे आणि व्हॉट्सॲपवरचे दोन्ही पक्ष इथेच घसरतात.

तो पेपर मला माहीत आहे. १२६० केसेसमध्ये जीवघेण्या केसेस होत्या ११४. ५७ टक्के हा आकडा रक्तातल्या लेव्हलचा आहे, म्हणजे वर सांगितलेले सगळे घोळ त्याला लागू. जीनचा जो संबंध निघाला तो सात जीनमधल्या पुष्कळ फरकांची एकत्र मोट बांधून, "जास्त डीचा जीन म्हणजे कमी मृत्यू" अशी सरळ रेघ तिथे नाही. आणि पुढच्याच वर्षी दहा हजार केसेसच्या दुसऱ्या अभ्यासात चार मुख्य जीनचा स्कोअर काढला तर आक्रमक कॅन्सरच्या बाबतीत इशारा उलटा मिळाला, कमी डीवाल्यांनाच धोका कमी. एक पूर्वेला एक पश्चिमेला. अशा वेळेस माझ्यासारखी माणसं समजतात की खरा परिणाम छोटा आहे, योगायोगाची गडबड जास्त आहे.

आजार झाल्यानंतरच्या प्रवासाची जीनमधून तपासणी करणं अवघड का, तर जीनमुळे रक्तातल्या डीत जो फरक पडते तो एकूण फरकाच्या फक्त काही टक्के असते. इतकी बारीक ओढ पकडायला प्रचंड आकडा लागते. २०१५ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या २४ हजार पेशंटचा जीनोमभर (म्हणजे सगळे जीन एकदम चाळणारा) अभ्यास झाला, त्यात या कॅन्सरने झालेले मृत्यू साडेतीन हजार, आणि कोणताच जीन ठरलेल्या कडक मर्यादेच्या पार गेला नाही. डीचा तर नाहीच. म्हणजे जगण्या-मरण्यावर डीचा मोठा परिणाम असता तर कुठेतरी डोकावला असता असं मला वाटते, पण छोटा परिणाम या चाळणीतून निसटू शकते. तुम्ही पुस्तकी प्रश्न विचाराल की फक्त पेशंटमध्ये पाहिलं की सिलेक्शनचा दोष (निवडलेल्या लोकांमुळे उत्तर वाकडं येणं) येते ना, तर येते, पण तो तेव्हा जास्त चावते जेव्हा तो जीन आजार होण्यावरही परिणाम करते. इथे तर होण्यावर परिणामच दिसत नाही, त्यामुळे मला दोषापेक्षा आकड्याची कमतरता जास्त सतावते.

अजून दोन कमकुवत जागा. एक, हे बहुतेक सगळे लोक युरोपियन वंशाचे, आपल्या विदर्भातल्या माणसाचं त्यात कोणी नाही. दोन, ही सरळ रेषेची पद्धत आहे, सरासरी माणसाचं डी थोडं वर-खाली केलं तर काय एवढंच ती सांगते. अगदी ११ वर असलेल्या माणसाबद्दल वेगळं काही आहे का हे शोधायचा प्रयत्न झाला होता, २०२१ मध्ये लॅन्सेटच्या डायबिटीसवाल्या जर्नलमध्ये, प्रोस्टेटवर नाही पण एकूण मृत्यू आणि हृदयविकारावर, आणि कमतरता असलेल्यांना फायदा दिसला म्हणून केवढा गाजावाजा झाला. मग पद्धतीतच खोट निघाली, पेपर मागे घेतला आणि २०२४ मध्ये दुरुस्त करून परत छापला, तेव्हा फायदा गायब. याबद्दल व्हिडिओ कोणी बनवत नाही.

मानेवाडा_रिंगरोड

ताई दोनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं, धन्यवाद. पण मग जीन सोडा, सरळ माणसांना गोळी देऊन पाहिलं नाही का कोणी? ते तर सगळ्यात सोपं.

लेट_नाईट_रेसिडेंट

दिलं ना. व्हायटल ट्रायल, अमेरिका, २५,८७१ लोक, अर्ध्यांना रोज २००० युनिट डी३ आणि अर्ध्यांना खोटी गोळी, साधारण पाच वर्षं. २०१८ च्या शेवटी निकाल आला, कॅन्सर होण्यात फरक नाही, प्रोस्टेटमध्येही ठोस फरक नाही. कॅन्सरने होणारे मृत्यू थोडे कमी दिसले, १५४ विरुद्ध १८७, पण आकडेवारीच्या हिशोबाने पक्कं नाही. सगळ्या ट्रायल एकत्र केल्या तर रोज छोटा डोस घेणाऱ्यांत एकूण कॅन्सर मृत्यू बारा-तेरा टक्के कमी असं २०१९ च्या एका विश्लेषणात आलं. हे सगळ्या कॅन्सरचं मिळून, प्रोस्टेटचं वेगळं नाही. त्यामुळे ताईंच्या "छोटा परिणाम निसटू शकते" याला माझा होकार.

पण गंमत पुढे आहे. ऑस्ट्रेलियात डी-हेल्थ ट्रायल झाली, २१ हजार लोक, डोस महिन्याला साठ हजार युनिट, आपल्या पाउचएवढाच. मृत्यूत काही फायदा नाही, उलट कॅन्सर मृत्यूंचा आकडा किंचित वरच्या बाजूला. म्हणजे एकदम मोठा डोस आणि रोज थोडाथोडा डोस, शरीर दोन्हीला सारखं वागवत नसावं असा अंदाज आहे.

आणि मेहुण्यांना हे नक्की सांगा. डीचं ॲक्टिव्ह रूप, कॅल्सिट्रिऑल, मोठ्या डोसमध्ये केमोसोबत देऊन पाहिलं होतं, पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या ९५३ पेशंटमध्ये. पहिल्या छोट्या ट्रायलमध्ये एवढं चांगलं दिसलं होतं की सगळे खूश. मोठी ट्रायल २००७ मध्ये मधातच थांबवावी लागली, कारण त्या बाजूला मृत्यू जास्त व्हायला लागले. सरासरी आयुष्य १७.८ महिने, दुसऱ्या बाजूला २०.२. केमोचं वेळापत्रक दोन्हीकडे वेगळं होतं त्यामुळे सगळा दोष डीवर टाकता येत नाही, पण "जास्त डी म्हणजे गाठ थांबते" याला तिथे तरी कोणी साक्षीदार सापडला नाही.

खामला_फार्मा

दुकानदार आहे, खामल्याकडे दुकान. ताई आणि डॉक्टर साहेब वरच्या मजल्यावरचं बोलून राहिले, मी काउंटरवरचं सांगतो.

एक. साठ हजारवालं आठवड्याला एकच. दरवर्षी कोणीतरी भेटतेच जे रोज एक खाऊन राहिले, कारण पाकिटावर लक्ष नाही आणि चिठ्ठीवरचं अक्षर तर विचारूच नका. मग कॅल्शियम चढते, उलट्या, तहान, लघवी, गुंगी, किडनीवर ताण, आणि घरचे समजतात कॅन्सर वाढला. कॅल्शियमची गोळी पण सोबत चालू असेल तर अजूनच भानगड. दोन. आठ-दहा आठवडे झाले की डॉक्टरांना परत विचारायचं, लेव्हल पाहून डोस कमी होते, जन्मभर आठवड्याला पाउच असं नसते. तीन. ते सहा लाख युनिटचं डीचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या बायांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलं होतं, त्या जास्त पडल्या आणि हाडं जास्त मोडली, हे २०१० चं आहे. हाडं मजबूत करायला दिलं होतं बरं का.

पाउच दुधासोबत किंवा जेवणानंतर घ्या, रिकाम्या पोटी नाही, तुपातेलासोबत चांगलं लागते अंगी.

महालची_लेक

आणि म्हणूनच ऑफिसवाल्या मित्राचं ऐकून पाउच बंद करू नका भाऊ. डॉक्टरांनी ते कॅन्सर थांबवायला दिलंच नसणार. हार्मोनचं इंजेक्शन टेस्टोस्टेरॉन बंद करते, आणि ते बंद झालं की हाडं झिजतात, सगळ्यात वेगाने पहिल्याच वर्षात. ७१ व्या वर्षी डी ११ आणि वरून हे, म्हणजे बाथरूममध्ये पाय घसरला की खुबा गेला. प्रोस्टेटच्या गाठीतून बाहेर आलेला माणूस खुब्याच्या फ्रॅक्चरने खाटेला खिळते, हे मी घरात पाहिलं आहे. पुढेमागे हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब द्यायचं ठरलं तर त्याआधी डी भरून काढावंच लागते, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येते. जीनच्या अभ्यासांनी हे काहीच खोडलेलं नाही, तो त्यांचा प्रश्नच नव्हता.

ओपीडीत पुढच्या वेळेस तिसऱ्या नंबरला नाही, पहिल्याच नंबरला विचारा: डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) करायचा का.

सात हजाराच्या पॅनलबद्दल. नका करू. संशोधनात जीन वापरतात ते हजारो लोकांची सरासरी काढायला, एका माणसाचा डोस ठरवायला नाही. जीनने फरक पडते काही टक्के, आणि बाबांची आजची खरी लेव्हल तर साध्या रक्ताच्या टेस्टमध्ये हातात आहे, ११. डोस पुरला का नाही हे पण परत तीच टेस्ट करून कळते. काही कंपन्या यात व्हीडीआर नावाच्या जीनचे फोकआय, बीएसएमआय असे फरक छापून लाल-हिरव्या रंगात रिपोर्ट देतात, दिसायला भारी असते. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये जीनवर पैसे घालायचेच असतील तर ती वेगळी टेस्ट, बीआरसीए२ (घराण्यात चालत येणारा, कॅन्सरचा धोका वाढवणारा जीनमधला बिघाड) वगैरे. आजार पसरलेला असेल किंवा घरात स्तनाचा, अंडाशयाचा, प्रोस्टेटचा कॅन्सर बऱ्याच जणांना असेल तर डॉक्टर स्वतःच सांगतात, कारण त्यावर औषध बदलू शकते आणि मुलाबाळांनाही त्याचा अर्थ असते. तुमच्या आजोबा-काकांमध्ये, आत्यांमध्ये कोणाला होतं का हे तेवढं विचारून ठेवा.

संत्रानगरी_७७

ताई मान गये. पण सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई चालते ना? आमच्या काकांना कोणीतरी प्रोस्टेटसाठी म्हणून तो डबा आणून दिला होता, हजार रुपयाचा.

महालची_लेक

अरे बाप्पा. तो डबा बाजूला ठेवा आधी. सिलेक्ट नावाची ट्रायल ३५ हजार पुरुषांवर झाली, नेमकी यासाठीच. २०११ चा निकाल, व्हिटॅमिन ई रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला. सेलेनियमचा फायदा शून्य. आणि नंतर २०१८ मध्ये सेलेनियमवर जीनवाली पद्धत लावली तर तिनेही हेच सांगितलं, फायदा नाही, वाढलेल्या कॅन्सरमध्ये उलट धोका जास्त असण्याची शक्यता. म्हणजे एवढा खर्च करून, वर्षं घालवून जे कळलं ते जीनच्या चिठ्ठ्यांनी कागदावर दाखवलं. मला ही पद्धत आवडते ती यासाठी.

वर्धारोड_आजोबा

मले पण तेच इंजेक्शन चालू आहे, दुसरं वर्ष लागलं. डीबद्दल तुम्ही पोट्टे लोक भांडा, मी तर डॉक्टरनं लिहिलं ते गिळतो. पण मानेवाड्यावाल्या पोराले एक सांगतो, त्या इंजेक्शननं अंगातून अशा गरम वाफा निघतात की विचारू नको, आणि नवतपा सुरू असला तर कळतच नाही का आतून तापलो का बाहेरून. बाबाले आधीच सांगून ठेव, नाहीतर त्यायले वाटते ताप आला. आणि चालणं बंद करू देऊ नको. मी संध्याकाळी सोसायटीतच फेऱ्या मारतो अन् पोरीनं पाण्याच्या दोन बाटल्या भरून दिल्या त्या उचलतो, हाताले ताकद राहते. गुडघे दुखतात पण चालते.

मले एक विचारायचं होतं खामल्याच्या भाऊले. माही थायरॉईडची गोळी पण आहे सकाळची. सून कॅल्शियम तिच्यासोबतच देते, एका दमात होते म्हणून. चालते का?

खामला_फार्मा

नाही चालत काका. कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवते, मग ती लागू पडत नाही. थायरॉईडची सकाळी उठल्या-उठल्या रिकाम्या पोटी पाण्यासोबत, कॅल्शियम कमीत कमी चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणासोबत. टीएसएच (थायरॉईडची रक्ताची टेस्ट) किती महिन्यात केला नाही ते पाहा आणि डॉक्टरांना हे सांगा, कारण तुमचा डोस या गडबडीतच वाढवलेला असू शकते, आता वेळ बदलली की परत पाहावा लागेल.

मानेवाडा_रिंगरोड

काका, बाबांना वाचून दाखवलं, गरम वाफांवर जोरात हो हो केलं त्यांनी, आम्हाला सांगितलंच नव्हतं. मेहुण्याला थ्रेडची लिंक पाठवली आहे, निळी टिक आली, उत्तर नाही. पाउच रविवारचं फिक्स केलं, कॅलेंडरवर टिक करतो. डेक्सा नागपुरात कुठे-कुठे होते आणि साधारण काय घेतात, कोणी केला असेल तर टाका जरा.